ससा कुठे गेला? सावली आणि मुलाखतीचे प्रश्न

माझ्या पीएचडीचा विषय सांगितला की लोक विचारतात, "सावलीत एवढं काय शिकायचंय?" सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं.

साताऱ्यात बसून मी प्रश्नावली तयार केली आणि सांगलीला ताईकडे गेल्यावर सहा वर्षांच्या भाच्यावर करून पाहिली. "सावली का पडते रे?" तो झटकन म्हणाला, "प्रकाश अडला की सावली पडते." मी वहीत 'संकल्पना स्पष्ट' असं लिहून टाकलं.

रात्री लाईट गेली. बॅटरीच्या उजेडात तो भिंतीवर हातांचा ससा करत होता. मी बॅटरी बंद केली. "आता ससा कुठे गेला?"

"इथंच आहे मावशी, अंधारात दिसत नाही."

सकाळची नोंद खोडावी लागली. ते वाक्य पाठ केलेलं होतं. त्याच्या मते सावली ही एक वस्तू होती, उजेड गेला तरी जागेवर राहणारी.

झां पियाजे यांनी १९२७च्या पुस्तकात हेच नोंदवलंय. पाचेक वर्षांच्या मुलांना सावली रात्रीतून किंवा अंधाऱ्या जागेतून आलेली वाटते, पुढे ती वस्तूतूनच निघते असं वाटतं. सावली कोणत्या बाजूला पडेल हे बरोबर सांगणारी मुलंही तिला वस्तूच समजत असतात. 'तिथे प्रकाश पोचत नाही' ही समज साधारण नवव्या वर्षी येते. ही वयं ढोबळ आहेत, क्रम महत्त्वाचा.

त्यात आपली भाषा. आपण सावलीत बसतो आणि आपली सावलीही पडते. दोन्हींना शब्द एकच. म्हणून मुलाखतीत 'झाडाची सावली' म्हणताना मूल काय समजतंय, हे तपासा.

आता मी 'का' शेवटी विचारते. आधी अंदाज: बॅटरी डावीकडून मारली तर सावली कुठे? हात बॅटरीजवळ नेला तर मोठी की लहान? दोन बॅटऱ्या लावल्या तर किती सावल्या? मूल चित्र काढतं, मग करून बघतं, मग कारण सांगतं. अंदाज आणि कारण जुळत नसतील तर दोन्ही लिहा. तिथेच खरा डेटा असतो.

आणि स्वतःचीही परीक्षा घ्या. 'दुपारी बाराला सावली नाहीशी होते' हे मी कित्येक वर्षं खरं मानत होते. सातारा-सांगलीत सूर्य बरोबर डोक्यावर वर्षातून दोनदाच येतो: मेच्या पहिल्या पंधरवड्यात आणि जुलै-ऑगस्टच्या सांध्यावर, तेव्हा बहुधा ढग असतात. सांगली दक्षिणेला, म्हणून मेमधला तिचा दिवस साताऱ्याच्या आधी येतो. येत्या मेमध्ये अंगणात एक काठी सरळ उभी करून बघा. पण आधी अंदाज लिहा.