शहर रात्री का निवत नाही?

‘शहरी उष्णताबेट’ (भोवतालच्या खेड्यांपेक्षा जास्त तापलेला शहराचा भाग) म्हटलं की डोळ्यांपुढे दुपारचं रणरणतं ऊन येतं. पण हा फरक सर्वांत ठळक असतो तो सूर्यास्तानंतर. काँक्रीट आणि डांबर दिवसभर उष्णता साठवतात आणि रात्री ती हळूहळू सोडतात. गॅस बंद केल्यावरही तवा बराच वेळ चटका देतो, तसंच. रात्री शरीराला विसावा मिळाला नाही, तर दुसऱ्या दिवशीचं ऊन अधिक बाधतं. म्हातारी माणसं आणि पत्र्याखाली राहणारी कुटुंबं यात आधी होरपळतात.

झाडं लावली की काम झालं, हा समज चुकीचा नाही, अपुरा आहे. झाडं सावली देतात, बाष्पोत्सर्जनानं (पानांतून पाण्याची वाफ बाहेर पडणं) हवा थंड करतात. पण वाराच अडला, तर साठलेली उष्णता जाणार कुठे? जर्मनीतलं श्टुटगार्ट हे टेकड्यांनी वेढलेलं, कमी वाऱ्याचं शहर. तिथल्या महापालिकेनं 1938 सालीच हवामानतज्ज्ञ नेमला. रात्री उतारांवरून थंड हवा खाली वस्तीत येते. तिच्या वाटा पुढे नकाशावर दाखवल्या गेल्या आणि त्या मोकळ्या राहाव्यात म्हणून बांधकामावर मर्यादा आल्या. पुण्यातल्या टेकड्यांवर बांधकामाचा विषय निघतो, तेव्हा हिरवाईइतकाच हा मुद्दाही विचारात घ्यायला हवा.

आधीच उभ्या राहिलेल्या शहरात अशा वाटा नव्यानं काढणं अवघड. छपरं मात्र आजही बदलता येतात. अहमदाबादेत गरीब वस्त्यांमधल्या छपरांना पांढरा रंग दिला गेला, कारण पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो आणि खालची खोली कमी तापते.