लॉकवुड किपलिंग यांची जनावरे

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईच्या, प्रवेशद्वारावरील शिल्पपट्ट ज्यांनी घडविले, ते जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ साली जे. जे. कलाशाळेत शिल्पशिक्षक म्हणून आले आणि दहा वर्षांनी लाहोरास जाऊन तेथील मेयो कलाशाळेचे प्रमुख झाले. माणसाच्या वस्तीतच ज्यांचा संसार चालतो, ते कावळे, माकडे, कुंभारांची गाढवे, गाडीचे बैल आणि बेवारस कुत्री यांचे त्यांनी वर्षानुवर्षे जे सूक्ष्म निरीक्षण केले, त्याचे फलित म्हणजे १८९१ सालचा ‘बीस्ट अँड मॅन इन इंडिया’ हा त्यांचा सचित्र ग्रंथ होय. ज्या गाईस वंद्य मानावयाचे तिची उपासमार खुशाल पाहावयाची, ही आपल्या समाजातील विसंगती त्यांनी निर्भीडपणे नोंदविली. राज्यकर्त्या जमातीचा अहंकार त्यांच्या लेखणीत अधूनमधून डोकावतो, हे खरे. परंतु त्यांची रेखाटने पाहताना तो विसरला जातो. बैलाच्या मानेवरचे जू आणि त्याच्या गळ्यातला शृंगार या दोहोंवर, म्हणजे सक्तीवर आणि मायेवर, त्यांची दृष्टी सारख्याच आस्थेने स्थिरावते, आणि ही आस्थाच मला त्यांच्या साऱ्या अभिप्रायांहून मोलाची वाटते.