बीएस्सी सांभाळून ‘नीट’: तासांचा हिशेब आणि आठवणीचं संशोधन

जुलै-ऑगस्टमध्ये बीएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात दोन प्रकारची मुलं बसलेली असतात. एक, ज्यांना विज्ञानच शिकायचं होतं. दुसरी, ज्यांचा एमबीबीएसचा नंबर थोडक्यात हुकला आणि जी पुढच्या मे महिन्यात पुन्हा ‘नीट’ देणार आहेत. क्लासवाल्यांच्या भाषेत याला ‘पार्शल ड्रॉप’ म्हणतात. वर्ष वाया जाऊ नये म्हणून प्रवेश घेऊन ठेवायचा आणि तयारीही चालू ठेवायची. घरच्यांनाही हा मार्ग बरा वाटतो, कारण ‘हातचं सुटत नाही’.

पण बऱ्याचदा दोन्ही सुटतं. डिसेंबरमध्ये सेमिस्टरचा निकाल येतो, एक-दोन विषय राहिलेले असतात आणि ‘नीट’चा अभ्यासही ऑगस्टमध्ये होता तिथेच असतो. यावर नेहमीचं स्पष्टीकरण म्हणजे ‘मेहनत कमी पडली’. मला ते पटत नाही. मेहनत करणारी मुलंही इथे अडकतात. माझ्या मते खरी अडचण वेगळी आहे. वेळ कमी असतो आणि त्या कमी वेळात आपण ‘आपल्याला येतंय’ या भावनेवर विश्वास ठेवून अभ्यास करतो. ही भावना फसवी असते, हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे. पुढे संशोधनात जायचं असेल तर हे प्रयोग कसे वाचायचे तेही शिकण्यासारखं आहे. म्हणून आधी हिशेब आणि मग प्रयोग, असं या लेखात बघू.

आधी तास मोजा

नव्या शैक्षणिक धोरणानंतर पहिल्या वर्षाच्या एका सेमिस्टरला साधारण २० ते २२ क्रेडिट असतात. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. समजा तुमची १४ क्रेडिट थिअरीची आणि ८ प्रॅक्टिकलची आहेत. थिअरीचे २१० तास, प्रॅक्टिकलचे २४० तास, एकूण ४५०. हे १५ आठवड्यांत बसवायचं तर आठवड्याला ३० तास फक्त कॉलेजमध्ये गेले. ७५ टक्के हजेरीची अट असते, त्यामुळे यातले फार तास वाचवता येत नाहीत. प्रॅक्टिकलचे तर जवळपास नाहीतच.

आता आठवड्याचे १६८ तास घ्या. रोज साडेसात तास झोप धरली तर ५२.५ गेले. कॉलेजचे ३०. जाण्यायेण्याचे रोज दोन तास, सहा दिवसांचे १२. जेवण, आंघोळ, घरातली कामं, दुकानात जाऊन ये, यांचे रोज तीन म्हणजे २१. जर्नल लिहिणं, असाइनमेंट, अंतर्गत परीक्षा आणि कॉलेजचा अभ्यास यांचे १२. बेरीज झाली १२७.५. उरले ४०.५. कागदावरच्या या चाळीस तासांतले निम्मे थकवा, पाहुणे, आजारपण, मोबाइल यांत जातात. हातात राहतात वीस.

वर्षभराचा पूर्ण ड्रॉप घेतलेला विद्यार्थी रोज आठ तास, आठवड्याचे सहा दिवस बसला तर त्याचे ४८ होतात. म्हणजे तुमच्याकडे त्याच्या निम्म्याहून कमी वेळ आहे. त्याचंच वेळापत्रक घेऊन ते रात्री अकरानंतर पूर्ण करायचा प्रयत्न केला तर ते मोडणारच. वीस तासांचा अभ्यास वेगळ्या पद्धतीनेच करावा लागतो.

काय जुळतं आणि काय जुळत नाही

‘कॉलेजमध्ये तेच तर शिकवतात’ हे अर्धंच खरं आहे. पेशी, आनुवंशिकता, परिसंस्था, वनस्पती आणि प्राण्यांचं वर्गीकरण, रसायनात अणुरचना, रासायनिक बंध, सेंद्रिय रसायनाची सुरुवात, हे भाग दोन्हीकडे भेटतात. पण मागणी वेगळी असते. कॉलेजच्या पेपरात आकृती काढून सविस्तर उत्तर लिहायचं असतं. ‘नीट’चे जीवशास्त्राचे प्रश्न एनसीईआरटीच्या पुस्तकातल्या ओळींना धरून येतात आणि चार पर्यायांतून एक निवडायचा असतो. त्यामुळे जुळणारा धडा कॉलेजमध्ये झाला की त्याच आठवड्यात एनसीईआरटीचा तो धडा बंद करून त्यावरचे जुने प्रश्न सोडवावेत. एका तयारीत दोन कामं होतात ती इथेच.

भौतिकशास्त्राचं काय? १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे, ४५ रसायनाचे आणि ४५ भौतिकशास्त्राचे. प्रत्येकी चार गुण, म्हणजे ७२० पैकी १८० गुण भौतिकशास्त्राला. वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र मुख्य विषय घेतलेल्या बऱ्याच मुलांचा भौतिकशास्त्राशी कॉलेजमध्ये संबंधच उरत नाही. तो विषय पूर्णपणे त्या वीस तासांतूनच करावा लागतो. विषय निवडताना हे लक्षात घेतलेलं बरं. भाषा, ओपन इलेक्टिव्ह आणि मूल्यशिक्षणाचे पेपर तर कुठेच जुळत नाहीत, पण क्रेडिट त्यांनाही असतात.

म्हणून पहिल्याच आठवड्यात गेल्या वर्षीचा पेपर तीन तास घड्याळ लावून पुन्हा सोडवा. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे तीनपैकी एक खूण करा: कधी कळलंच नव्हतं, कळलं होतं पण विसरलं, येत होतं पण घाईत चुकलं. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिल्याला शिकवणी लागते, दुसऱ्याला उजळणी, तिसऱ्याला घड्याळासमोरचा सराव. सगळ्यांवर ‘पुन्हा पहिल्यापासून वाचून काढणं’ हा एकच उपाय करणं वीस तासांत परवडत नाही.

‘येतंय’ वाटणं आणि येणं

आता प्रयोगांकडे येऊ. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोघांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला. काहींनी पुन्हा न वाचता, आठवेल तेवढं कागदावर लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तर चित्र उलटं झालं. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के.

यातलं पाच मिनिटांचं मोजमाप फार महत्त्वाचं आहे. रात्री धडा दुसऱ्यांदा वाचून पुस्तक मिटताना आपण याच पाच मिनिटांच्या टप्प्यावर असतो. सगळं ओळखीचं वाटतं आणि आपण खूश होऊन पुढच्या धड्याकडे वळतो. पण ‘नीट’ पाच मिनिटांनी नसते.

असंच चित्र गणितातही दिसलं. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये विद्यार्थ्यांना घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाला एका प्रकारची सगळी गणितं सलग दिली, दुसऱ्याला सगळ्या प्रकारची मिसळून. सरावाच्या वेळी सलगवाल्यांची ८९ टक्के गणितं बरोबर आली, मिसळवाल्यांची ६०. आठवड्यानंतरच्या परीक्षेत सलगवाले २० टक्क्यांवर आले आणि मिसळवाले ६३ टक्क्यांवर होते. कारण उघड आहे. सलग सरावात कोणतं सूत्र लावायचं हे आधीच माहीत असतं. परीक्षेत तेच ओळखायचं असतं. भौतिकशास्त्राचा एक धडा घेऊन त्यावरचे शंभर प्रश्न एका बैठकीत सोडवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. नवीन धड्याचे दहा-पंधरा प्रश्न सलग सोडवा आणि मग जुन्या तीन-चार धड्यांत मिसळून टाका.

उजळणी किती दिवसांनी करायची? निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तेराशेहून जास्त लोकांवर हे तपासलं. परीक्षा आठवड्यावर असेल तर एका दिवसाच्या अंतराने केलेली उजळणी चांगली ठरली. परीक्षा वर्षभर लांब असेल तर सुमारे तीन आठवड्यांचं अंतर. म्हणजे ऑगस्टमध्ये केलेल्या धड्याची उजळणी दुसऱ्या दिवशी करण्यापेक्षा सप्टेंबरच्या सुरुवातीला करणं फायद्याचं. तोवर थोडं विसरलेलं असेल, आठवताना त्रास होईल. तो त्रास होणंच उपयोगी आहे.

कॉलेज करणाऱ्यांसाठी ही चांगली बातमी आहे. पूर्ण ड्रॉप घेतलेल्याला धडे सलग उरकण्याचा मोह होतो. तुमच्यावर अंतर ठेवण्याची सक्तीच आहे. ती वाया न घालवता वापरा.

हे आकडे कसे वाचायचे

संशोधनात येऊ पाहणाऱ्यांनी इथे थांबून प्रश्न विचारायला हवेत. रोडिगर-कार्पिकींचे उतारे छोटे होते, तुमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. रोहरर-टेलरांचा प्रयोग अगदी लहान गटावर झाला होता. म्हणून ‘५६ टक्के’ हा आकडा जसाच्या तसा आपल्याला लागू करू नये. दिशा मात्र घ्यावी, कारण ती वेगवेगळ्या प्रयोगांत टिकली आहे. जॉन डनलोस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला. त्यात स्वतःची चाचणी घेणं आणि अंतर ठेवून अभ्यास करणं या दोन पद्धती सर्वात उपयोगी ठरल्या. पुन्हा वाचणं आणि ओळी रंगवणं खालच्या गटात गेलं.

झोपेबद्दलचा एक अभ्यास वेगळ्या प्रकारे वाचावा लागतो. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या सुमारे शंभर विद्यार्थ्यांच्या मनगटावर सेमिस्टरभर पट्टे बांधून झोप मोजली गेली. तो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. जास्त आणि नियमित झोपणाऱ्यांचे गुण चांगले होते. फक्त परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या झोपेचा मात्र गुणांशी संबंध दिसला नाही. हा प्रयोग नाही, निरीक्षण आहे. झोपेमुळेच गुण वाढले असं त्यावरून म्हणता येत नाही. पण वरच्या हिशेबात झोपेचे तास कापून अभ्यासाचे वाढवणार असाल, तर त्याला आधार देणारा पुरावा यात तरी नाही.

आठवडा आणि वर्ष

सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं तर मनाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो. त्यामुळे अर्धा तास जर्नल, अर्धा तास भौतिकशास्त्र असे तुकडे करू नका. प्रॅक्टिकल ज्या दिवशी असेल त्याच संध्याकाळी जर्नल पूर्ण करून तो विषय मिटवा. दोन-तीन मोकळ्या सकाळी आणि रविवार ‘नीट’साठी ठेवा. लोकलमध्ये किंवा एसटीत नवीन काही वाचायला घेऊ नका. तो वेळ आठवून बघण्यासाठी उत्तम: पुस्तक न उघडता चयापचयाच्या पायऱ्या मनात म्हणा आणि अडलं तिथे खूण करा.

वर्षातली खरी टक्कर एप्रिल-मेमध्ये होते. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी ‘नीट’ मे महिन्याच्या पहिल्या रविवारी झाली आणि बहुतेक विद्यापीठांची दुसऱ्या सेमिस्टरची परीक्षा त्याच्या आसपासच असते. म्हणून दुसऱ्या सेमिस्टरचा थिअरीचा अभ्यास मार्चअखेर एकदा पूर्ण झालेला हवा. जर्नल आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुण वेळेवर मिळवलेले असले तर शेवटच्या पेपरांवरचा ताण बराच कमी होतो.

थांबायचं कधी, हे आधी ठरवा

वयाची कमाल मर्यादा २०२२ मध्ये काढून टाकली गेली आणि किती वेळा परीक्षा द्यायची यालाही बंधन नाही. त्यामुळे थांबायला कोणी सांगत नाही. २०२५ मध्ये २२ लाखांहून जास्त विद्यार्थी बसले आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्या वर होत्या, त्यातल्या सरकारी साधारण निम्म्या. म्हणून सुरू करतानाच एक तारीख आणि एक मापदंड लिहून ठेवा. उदाहरणार्थ, जानेवारीअखेर पूर्ण पेपराच्या तीन सराव परीक्षा आणि त्यांची सरासरी. एखाद्या चांगल्या पेपरवर जाऊ नका.

तुलना करताना गुणांपेक्षा क्रमांक बघा. २०२४ मध्ये अनेकांना ७२० पैकी ७२० होते, २०२५ मध्ये देशातला सर्वाधिक गुण ६८६ होता. सीईटी सेलच्या याद्यांत आपल्या प्रवर्गाचा शेवटचा क्रमांक शोधा आणि आपण किती लांब आहोत ते मोजा.

अंतर फार असेल तर जानेवारीत निर्णय बदलणं म्हणजे हार नाही. दुसरं सेमिस्टर पूर्ण हातात राहतं आणि पहिल्या वर्षाचे गुण वाचतात. हे गुण पुढे उन्हाळी संशोधन शिष्यवृत्त्यांच्या अर्जात आणि एमएस्सीच्या प्रवेशात लागतात. आजारांवर काम करायचं असेल तर डॉक्टर होणं हा एक रस्ता आहे. बीएस्सी, एमएस्सी आणि मग जीवशास्त्रात पीएचडी हा दुसरा, आणि प्रयोगशाळेत दोन्हीकडून आलेली माणसं शेजारी बसून काम करतात.

आणि ‘नीट’ द्यायचंच ठरलं तर आज एवढंच करा: मागच्या महिन्यात ‘झाला’ म्हणून सोडलेला एक धडा घ्या, पुस्तक न उघडता कोऱ्या कागदावर तो लिहून काढा आणि मग पुस्तकाशी ताडून बघा. तुमचे वीस तास कुठे जायला हवेत ते त्या कागदावर दिसेल.