विसावा शिकविणारा वस्ताद

जुन्या तालमीतला वस्ताद पठ्ठ्याच्या जोर-बैठकांचा हिशेब ठेवी, तसाच त्याच्या खुराकाचा व झोपेचाही ठेवी. जुम्मादादा आणि प्रो. माणिकराव यांच्या बडोद्यात राहणाऱ्यांना हे निराळे सांगावयास नको. अंगमेहनत पचवावी लागते, आणि ती पचते विश्रांतीत. हीच गोष्ट अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या शिक्षकाने पळणाऱ्या मुलांना शिकविली. त्यांचे नाव बिल बॉवरमन.

बॉवरमन यांचा जन्म १९११ सालचा, ओरेगॉन राज्यातील पोर्टलंडचा. ओरेगॉन विद्यापीठात ते फुटबॉल खेळले आणि बिल हेवर्ड या नामांकित शिक्षकाच्या हाताखाली पाव मैलाची शर्यत पळले. काही काळ शाळेत शिकविल्यावर महायुद्धात त्यांनी इटलीच्या डोंगरांत पहाडी पलटणीबरोबर लढाई पाहिली. १९४८ साली हेवर्ड यांच्याच जागी ते विद्यापीठात मुख्य शिक्षक झाले आणि १९७२ पर्यंत राहिले. या अवधीत १९६२, १९६४, १९६५ व १९७० असे चार वेळा त्यांच्या संघाने अमेरिकेतील विद्यापीठांचे मैदानी अजिंक्यपद मिळविले. तरी ‘कोच’ म्हणवून घेणे त्यांना रुचत नसे. आपण शिक्षक आहोत, असे ते म्हणत.

त्यांचा नियम साधा होता. एक दिवस कठोर मेहनत, दुसरा दिवस हलका. जितके अधिक पळावे तितके चांगले, अशी समजूत बाळगणाऱ्यांना हे पटत नसे. केनी मूर नावाचा विद्यार्थी चोरून जादा पळे आणि वारंवार थकून आजारी पडे. अखेर बॉवरमन यांनी त्याची मानगूट धरून तीन आठवडे रोज अगदी थोडे, सावकाश पळण्याचे फर्मान काढले. मूर चडफडला, पण त्यानंतरच्या शर्यतीत तो पूर्वी कधी पळाला नव्हता इतक्या वेगाने पळाला. पुढे १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकमध्ये तो मॅरेथॉनमध्ये चौथा आला, आणि गुरूचे चरित्रही त्यानेच लिहिले.

शिकविणारा स्वतः शिकावयास तयार असावा लागतो. १९६२ च्या अखेरीस न्यूझीलंडला गेले असता आर्थर लिडियार्ड यांच्या मंडळींबरोबर पळताना बॉवरमन यांची दमछाक झाली. सत्तरी ओलांडलेला एक म्हातारा त्यांच्या सोबतीस मागे राहिला! परत येताच त्यांनी गावातील सामान्य स्त्री-पुरुषांना मंद पळण्याचे वर्ग सुरू केले, आणि १९६७ साली एका हृदयरोगतज्ज्ञाच्या सहकार्याने ‘जॉगिंग’ हे पुस्तक काढले.

मुलांच्या पायातील बूट हलके व्हावेत म्हणून हा गृहस्थ घरीच चांभारकाम करी. फिल नाइट या जुन्या विद्यार्थ्याबरोबर १९६४ साली प्रत्येकी पाचशे डॉलर घालून त्यांनी बुटांचा धंदा मांडला. तोच पुढे ‘नाइकी’ झाला. एके दिवशी न्याहरीचे ‘वाफल’ भाजण्याचा पत्नीचा खाचांचा साचा पाहून त्यांनी त्यात रसायन ओतले. साचा कायमचा चिकटला, पण नव्या तळव्याची कल्पना सापडली. याची किंमत मात्र जबर पडली. कोंदट कार्यशाळेतील डिंक-द्रावणांच्या वाफांनी त्यांच्या पायांच्या नसा निकामी होत गेल्या. जगाला दिलेले बूट घालून पळणे त्यांच्या स्वतःच्या नशिबी उरले नाही.

म्यूनिकला ते अमेरिकन मैदानी संघाचे प्रमुख होते. ५ सप्टेंबरला पहाटे इस्रायली पथकावर हल्ला झाला, तेव्हा त्यातून निसटलेल्या शौल लदानी या खेळाडूने बॉवरमन यांचे दार ठोठावले, आणि त्यांनी तातडीने आपल्या वकिलातीकडून पहारा मागविला. त्यांचा लाडका शिष्य स्टीव्ह प्रीफाँटेन रानावनांतील पळण्याच्या विद्यापीठीय शर्यतीत १९७०, १९७१ व १९७३ साली पहिला आला होता. म्यूनिकला पाच हजार मीटरमध्ये तो चौथा आला. १९७५ च्या मे महिन्यात हेवर्ड मैदानावरील शर्यत जिंकून काही तास होतात न होतात तोच मोटार अपघातात तो गेला. वय अवघे चोवीस.

बॉवरमन २४ डिसेंबर १९९९ रोजी, बालपणीच्या फॉसिल गावी वारले. पदके व बूट यांचा हिशेब इतर ठेवतील. परीक्षेच्या व स्पर्धेच्या घाण्याला मुलांना जुंपणाऱ्या आपण पालकांनी मात्र त्यांचा तो हलका दिवस ध्यानात ठेवावा. मुलाला पळ म्हणणारे पुष्कळ भेटतात. आज थांब, असे वेळेवर सांगणारा एखादाच.