लष्करानंतर गुप्तवार्तेची वाट

सोलापुरात निवृत्त जवानापुढे बहुधा बँकेच्या दारातली सुरक्षारक्षकाची नोकरी येते. मला ते मनापासून खटकतं. सीमेवर रात्र-रात्र टेहळणी करणारा, ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगळं नोंदवणारा माणूस गुप्तवार्तेच्या कामासाठी अर्धा तयारच असतो.

सेवेत असतानाच एक दार उघडतं. लष्कराचं स्वतःचं गुप्तवार्ता दल आहे आणि त्याचं प्रशिक्षण केंद्र आपल्या जवळच, पुण्यात आहे. १९६८ साली स्थापन झालेली ‘रॉ’ मात्र सहसा उघड जाहिरात देत नाही. तिथे लष्करी अधिकारी प्रतिनियुक्तीवर जातात.

निवृत्तांसाठी खरा रस्ता आहे तो इंटेलिजन्स ब्युरोचा. केंद्राच्या गट ‘क’ पदांत माजी सैनिकांना १० टक्के आरक्षण असतं. वयाची भीती अनेकांना मागे खेचते, म्हणून हिशेबच मांडतो. वय ३६, सेवा १७ वर्षं. वयातून सेवा वजा केली की उरतात १९, वर आणखी ३ वर्षांची सवलत. सहायक केंद्रीय गुप्तवार्ता अधिकाऱ्यासाठी कमाल वय साधारण २७ असतं, म्हणजे आपण आरामात बसतो. पदवी नसेल, तरी दहावी आणि १५ वर्षांची सेवा यावर गट ‘क’च्या राखीव जागांसाठी पात्रता धरता येते.

परीक्षा मात्र सोपी नाही. निबंध आणि इंग्रजीची तयारी निवृत्तीच्या वर्षभर आधीच सुरू करा, आणि जाहिरातीतल्या अटी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवून घ्या.