दोन गाड्या, दोन रस्ते

जालन्याहून छत्रपति संभाजीनगराकडे जातांना वाटेंत बदनापूर लागतें. भोंवतालची जमीन काळी, कापसाची. पावसांत तिचा चिखल होतो आणि उन्हाळ्यांत तिला भेगा पडतात. फोर्ड ‘मॉडेल टी’ आणि ‘प्रीमिअर पद्मिनी’ ह्या दोन जुन्या मोटारगाड्यांत सरस कोणती, ह्या प्रश्नाचें उत्तर अशी भूमि डोळ्यांपुढें ठेवूनच द्यावें लागतें.

मॉडेल टी अमेरिकेंत १९०८ सालीं निघाली. १९२७ पर्यंत तशा सुमारें दीड कोटि गाड्या तयार झाल्या. पद्मिनीचें मूळ इटलीच्या फियाट ११०० मध्यें आहे. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ती बने. ‘पद्मिनी’ हें नांव तिला १९७४ च्या सुमारास मिळालें.

फोर्डचें एंजिन सुमारें २,९०० घनसेंटिमीटरचें आणि शक्ति २० अश्वांची. पद्मिनीचें एंजिन १,०८९ घनसेंटिमीटरचें आणि शक्ति ४० अश्वांच्या आसपास. निम्म्याहून लहान यंत्रानें दुप्पट काम करावें, ह्याचीं कारणें दोन. पद्मिनींत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण अधिक दाबून पेटविलें जातें. शिवाय फोर्डचें यंत्र पूर्ण शक्ति देतांना मिनिटाला सुमारें १,६०० फेरे घेई, तर पद्मिनीचें ४,८०० च्या घरांत.

मग फोर्ड हलकी ठरली काय? तसें नाहीं. तिचीं चाकें मोठीं, पोट जमिनीपासून उंच, आणि पुढेंमागें एकेक आडवी कमान. त्यामुळें एक चाक खड्ड्यांत गेलें तरी गाडी सहसा अडत नसे. बैलगाडीच्या चाकोरींतून जाण्यासाठींच जणूं ती घडविलेली होती. परंतु ह्या गुणांची किंमत हांकणारा देई. हँडल उलट फिरलें तर मनगट मोडे. पेट्रोल बैठकीखालच्या टाकींतून केवळ उतारानें वाहत येई. म्हणून टाकी रिकामी होत आली असतां उभा चढ पाठमोऱ्या गाडीनें चढावा लागे. पद्मिनींत पेट्रोल पंपानें येतें आणि पाय दाबतांच चारहि चाकांना ब्रेक लागतो. मात्र ती पक्क्या सडकेची गाडी. खोल चाकोरींत तिचें पोट टेकतें.

जुनें तें सोनें म्हणणारा मोडलेलें मनगट विसरतो. केवळ आंकडे मोजणारा रस्ता विसरतो. बदनापुराजवळचा हमरस्ता आज पक्का आहे. शेताकडे वळणारी वाट मात्र पावसाळ्यांत अजूनहि जुनीच परीक्षा घेते.

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें नाहींशी झाली. तिच्याबरोबर एक विद्याहि ओसरत आहे. ह्या दोन्ही गाड्या साध्या हत्यारांनीं उघडतां येत आणि नुसत्या कानानें पारखतां येत. घरांत अशी गाडी उभी असेल, तर तिला झळाळी देण्याआधीं तिचें यंत्र उघडून मुलांना दाखवावें. गाडी गंजली तरी तें ज्ञान गंजणार नाहीं.