दीड कोटींचा रहाणे: महाग, स्वस्त की रास्त?

डोंबिवलीत अजिंक्य रहाणेचा विषय निघाला की दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतो, ‘मेलबर्नला शतक ठोकणारा कॅप्टन, आणि दीड कोटीत काढला? अपमान आहे हा.’ दुसरा म्हणतो, ‘छत्तीस वर्षांचा माणूस, ट्वेंटी-२० मध्ये दीड कोटी तरी कशाला?’ दोघांची भिस्त एकाच आकड्यावर आहे, आणि तो आकडा या प्रश्नाचं उत्तर देऊच शकत नाही. लिलावातली रक्कम खेळाडूची लायकी सांगत नाही. त्या घटकेला कोणत्या संघाला कोणती जागा भरायची होती आणि त्याच्या हातात किती पैसे उरले होते, एवढंच ती सांगते. अनुभवी खेळाडूचा करार परवडला का, हे ठरवायचं तर बघावं लागतं अकरा जणांतल्या त्या एका जागेकडे.

‘कुणाला नको होता म्हणून स्वस्तात गेला’ हा पहिला गैरसमज. २४ आणि २५ नोव्हेंबर २०२४ ला सौदी अरेबियात जेद्दा इथे आयपीएलचा मोठा लिलाव झाला. प्रत्येक संघाच्या हाती १२० कोटी, त्यात किमान १८ आणि जास्तीत जास्त २५ खेळाडू बसवायचे. ज्यांना राखून ठेवलं त्यांचे पैसे यातूनच वजा. नावं गटागटाने पुकारली जातात, बडी नावं आधी. तेव्हा खिसे भरलेले असतात, हवा तो खेळाडू निसटेल ही भीती असते, आणि दोन संघ हटून बसले की किंमत कुठच्या कुठे जाते. व्यंकटेश अय्यरसाठी कोलकाता आणि बंगळुरू अशीच भिडली आणि कोलकात्याने त्याला २३ कोटी ७५ लाखांना परत घेतलं. रहाणेचं नाव पहिल्यांदा पुकारलं तेव्हा कुणीच बोली लावली नाही. शेवटच्या, भराभर उरकण्याच्या फेरीत त्याच कोलकात्याने त्याला दीड कोटीच्या मूळ किमतीत उचललं, कारण समोर दुसरा बोली लावणारा नव्हता. किंमत चढायला दोन जण लागतात. दुसरा नसला म्हणजे खेळाडूत दम नाही, असं होत नाही.

तारखांचाही यात मोठा वाटा आहे. सय्यद मुश्ताक अली स्पर्धा लिलावाच्या आदल्या दिवशी सुरू झाली आणि १५ डिसेंबरला संपली. त्या स्पर्धेत रहाणेने ४६९ धावा काढल्या, त्याही शंभर चेंडूंमागे १६४ च्या वेगाने. विदर्भाविरुद्ध ८४, बडोद्याविरुद्धच्या उपांत्य सामन्यात ५६ चेंडूंत ९८. मुंबईने चषक जिंकला आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. लिलाव तीन आठवड्यांनी झाला असता तर दीड कोटीला हात लागला असता का? मला नाही वाटत.

रक्कम नियमांमुळेही बदलते. महेंद्रसिंग धोनी २०२५ च्या हंगामासाठी ४ कोटींवर आला. पाच वर्षं आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्या भारतीय खेळाडूला ‘अनकॅप्ड’ धरायचा नियम पुन्हा आणला गेला, म्हणून. त्याआधी चेन्नईने त्याला १२ कोटी दिले होते. धोनीची योग्यता एका वर्षात तिसऱ्या हिश्श्यावर आली, असं चेन्नईतलं शेंबडं पोरही म्हणणार नाही.

हंगाम संपल्यावर मग सगळीकडे एक हिशोब फिरतो, ‘धावेमागे किती रुपये’. २०२५ मध्ये रहाणेने ३९० धावा केल्या, म्हणजे धावेला साधारण ३८ हजार. व्यंकटेशने १४२, म्हणजे धावेला पावणेसतरा लाखांच्या आसपास. हे गणित रहाणेच्या बाजूने जातं, त्यामुळे आपल्याला ते गोड लागतं. पण ते चुकीचं आहे आणि आपल्या माणसाच्या बाजूने असलं तरी चुकीचंच आहे. विराट कोहलीचे २१ कोटी आणि ६५७ धावा धरल्या तर त्याची एकेक धाव सव्वातीन लाखांच्या घरात जाते, रहाणेच्या आठपट महाग. म्हणून विराट वाईट सौदा? त्याच वर्षी बंगळुरूने पहिल्यांदा चषक उचलला. पंजाबने श्रेयस अय्यरवर २६ कोटी ७५ लाख ओतले, तो कर्णधार म्हणून संघाला अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला आणि स्वतः ६०४ धावा काढल्या. महाग खेळाडू वसूल होऊ शकतो आणि स्वस्त खेळाडू महागात पडू शकतो. कसा, ते रहाणेच्याच कारकिर्दीत दिसतं.

२०२२ मध्ये कोलकात्याने त्याला एक कोटीला घेतलं होतं. सात सामने, १३३ धावा, वेग १०४ च्याही आत. हंगाम संपल्यावर त्यांनी सोडून दिलं. ट्वेंटी-२० मधला त्याचा शेर संपला असं तेव्हा बहुतेकांनी लिहून टाकलं. डिसेंबरच्या लिलावात चेन्नईने ५० लाखांना, म्हणजे मूळ किमतीतच घेतलं. ८ एप्रिल २०२३ ला वानखेडेवर मुंबई इंडियन्सविरुद्ध तो खेळला, तेही मोईन अली आजारी पडला आणि बेन स्टोक्स जायबंदी होता म्हणून. ती खेळी आठवून पाहा. डेव्हन कॉन्वे पहिल्याच षटकात शून्यावर बाद. चौथ्या षटकात अर्शद खानला आधी षटकार, मग लागोपाठ चार चौकार, शेवटी एक धाव, म्हणजे षटकात २३. अर्धशतक १९ चेंडूंत, एकूण २७ चेंडूंत ६१. यात बॅट आडवी फिरवून केलेली धोपटाधोपटी जवळपास नव्हतीच. पहिल्या सहा षटकांत वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक असतात. तिथे चेंडूची लांबी लवकर ओळखून सरळ बॅटने वरून काढलेला फटकाही सीमेपार जातो. रहाणेचं अंगचं कसब तेच आहे. डोंबिवलीत मॅटिंगवर घोटलेलं आणि पुढे प्रवीण आमरेंच्या हाताखाली पक्कं झालेलं तंत्र त्याने टाकून दिलं नाही, फक्त त्याला आधीपासून वेग दिला. पुढे ईडन गार्डन्सवर कोलकात्याविरुद्ध त्याने २९ चेंडूंत नाबाद ७१ केल्या. हंगामात ३२६ धावा झाल्या, वेग १७२. गुजरातविरुद्धच्या अंतिम सामन्यात पावसामुळे १५ षटकांत १७१ हवे होते, तेव्हा त्याच्या १३ चेंडूंतल्या २७ धावा तितक्याच मोलाच्या ठरल्या.

पुढच्या वर्षी करार तोच, ५० लाख तेच, संघही तोच. २०२४ मध्ये त्याने २४२ धावा केल्या, पण वेग १२३ वर उतरला. रुपयांत पाहिलं तर तरीही स्वस्तच. संघाचं मात्र नुकसान झालं, कारण वरच्या क्रमांकावर १२३ च्या वेगाने खेळणारा फलंदाज त्या जागेवर दुसऱ्या कुणी मारले असते ते चेंडू वापरून टाकतो. खरा खर्च हा आहे. दीड कोटी म्हणजे १२० कोटींचा सव्वा टक्का, तो कुठल्याही संघमालकाला जड नाही. जड असते ती अकरातली एक जागा आणि वरच्या क्रमांकावर मिळणारे चेंडू. म्हणून ‘कमी पैशात मिळतोय, घेऊन ठेवू, झाला तर झाला’ हे अनुभवी खेळाडूबाबतचं बोलणं मला पटत नाही. राखीव बाकावर बसवायला घेतला तर ठीक. खेळवायचा असेल तर फुकट मिळाला तरी तो वेगाने खेळतो का, हे बघावंच लागतं.

या कसोटीवर २०२५ चा करार उतरला. वेग पुन्हा १४७ वर आला. ३९० धावांनी तो कोलकात्याचा त्या हंगामातला सर्वाधिक धावा करणारा फलंदाज ठरला. बंगळुरूविरुद्ध सलामीच्याच सामन्यात ३१ चेंडूंत ५६, लखनौविरुद्ध २३९ चा पाठलाग करताना ३५ चेंडूंत ६१. दोन्ही सामने संघ हरला, पण फलंदाज म्हणून दिलेले पैसे पुरेपूर वसूल झाले याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

त्याच दीड कोटीत कोलकात्याने कर्णधारही मिळवला, आणि तिथे उत्तर इतकं सरळ नाही. २०२४ चा विजेता संघ २०२५ मध्ये आठव्या क्रमांकावर गेला. १५ एप्रिलला मुल्लनपूरला पंजाबचा डाव १११ वर आटोपला होता. कोलकात्याच्या २ बाद ६२ झाल्या होत्या. युझवेंद्र चहलचा चेंडू रहाणे स्वीप करायला गेला, हुकला, पंचांनी पायचीत दिलं. समोरच्या टोकाला असलेल्या अंगक्रिश रघुवंशीशी तो दोन शब्द बोलला आणि रिव्ह्यू न घेताच निघून गेला. चेंडू ऑफ स्टंपच्या बाहेर पायाला लागल्याचं रिप्लेत दिसलं, म्हणजे रिव्ह्यू घेतला असता तर तो वाचला असता. तिथून संघ ९५ वर कोसळला आणि आयपीएलमध्ये यशस्वीपणे राखलेली सर्वांत छोटी धावसंख्या पंजाबच्या नावावर लागली. रहाणेने दोष स्वतःवर घेतला. ‘अनुभव असला की असे क्षण सावरले जातात’ असं आपण सहज म्हणतो. अनुभवाने ते क्षण कमी होत असतील, टळत मात्र नाहीत. आणि आठव्या क्रमांकाचं खापर एकट्या कर्णधारावर फोडणंही बरोबर नाही. त्यांचा सर्वांत महागडा फलंदाज धावा करत नव्हता, दोन सामने पावसाने वाहून गेले. माझ्या लेखी फलंदाज रहाणे फायद्याचा ठरला, कर्णधार रहाणेचा हिशोब फार तर बरोबरीत सुटला.

पैशांबद्दलचा एक घोळ इथेच मिटवायला हवा. लिलावातला आकडा तीन वर्षांचा मिळून नसतो, तो दर हंगामाचा असतो. शिवाय २०२५ पासून सामन्यामागे साडेसात लाख रुपये वेगळे मिळतात. साखळीतले सगळे १४ सामने खेळला तर १ कोटी ५ लाख. रहाणे १३ सामने खेळला, म्हणजे साडेसत्त्याण्णव लाख त्या दीड कोटीवर. २३ कोटीवाल्याला ही भर किरकोळ, पण मूळ किमतीत गेलेल्या अनुभवी खेळाडूचं उत्पन्न दीडपटीहून जास्त होतं. तेही अकरात जागा टिकवली तरच.

आता कल्याणकडे या, कारण त्याच लिलावात उलटं उदाहरण होतं. कल्याणचा तुषार देशपांडे चेन्नईसाठी २० लाखांवर खेळत होता. ३१ मार्च २०२३ ला अंबाती रायुडूच्या जागी उतरून तो आयपीएलचा पहिला ‘इम्पॅक्ट प्लेअर’ झाला. त्या हंगामात त्याने २१ बळी घेतले, पुढच्या हंगामात १७, तेही २० लाखांतच. २०२४ च्या फेब्रुवारीत बडोद्याविरुद्ध रणजीच्या उपांत्यपूर्व सामन्यात अकराव्या क्रमांकावर येऊन १२३ धावा ठोकल्या, दुसऱ्या टोकाला दहाव्या क्रमांकाच्या तनुष कोटियननेही शतक केलं. मग जेद्दात राजस्थानने त्याला साडेसहा कोटींना घेतलं. २०२५ चा हंगाम त्याला चेन्नईसारखा गेला नाही. म्हणून तो सौदा फसवा होता असं नाही. साडेसहा कोटी मिळाले ते २० लाखांत केलेल्या दोन वर्षांच्या कामावर, आणि डावाच्या शेवटी टाकू शकणारे भारतीय वेगवान गोलंदाज थोडे आहेत म्हणून. लिलाव मागचं बघून पुढचे पैसे लावतो. तरुणाचे चांगले दिवस अजून यायचेत असं धरून बोली चढते, पस्तिशी ओलांडलेल्याचे सरले असं धरून ती थांबते, आणि दोन्ही अंदाज चुकतात. ठाणे-कल्याण पट्ट्यात खांद्यावर किट घेऊन पहाटेची लोकल पकडणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी तुषारचे कोटी बघताना ती २० लाखांची वर्षंही धरावीत.

‘करारातून वगळला, म्हणजे संपला’ हेही खरं नाही. २६ मार्च २०२३ ला क्रिकेट मंडळाच्या वार्षिक करारांच्या यादीत रहाणेचं नाव नव्हतं. दोन आठवड्यांत वानखेडेवरचे ६१ आले. जूनमध्ये तो ओव्हलवर कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात होता आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध ८९ आणि ४६ करून दोन्ही डावांत लढला. मार्च २०२४ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली मुंबईने विदर्भाला हरवून ४२ वा रणजी करंडक जिंकला.

कोलकात्याने स्वतःचा हिशोब नोव्हेंबर २०२५ मध्ये केला. २३ कोटी ७५ लाखांचा व्यंकटेश आणि १२ कोटींचा आंद्रे रसेल मोकळे केले, रहाणेला त्याच दीड कोटीवर ठेवलं. डिसेंबरमध्ये अबुधाबीच्या लिलावात ते सर्वांत जास्त, ६४ कोटींहून अधिक रक्कम घेऊन बसले आणि कॅमेरून ग्रीनवर २५ कोटी २० लाखांची बोली लावू शकले. व्यंकटेशला बंगळुरूने ७ कोटींना घेतलं.